कप्तान गेला, घड्याळ उरलं

ऑडॅक्स क्लब पारिझियां (एसीपी) ही संस्था ३० नोव्हेंबर १९०४ रोजी पॅरिसमध्ये स्थापन झाली. आज जगभर तिचं नाव ज्या कामासाठी घेतलं जातं, ते काम तेव्हा संस्थापकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्याने आखलेला एक शिस्तीचा कार्यक्रम त्यांना चालवायचा होता, तोही परवानगी घेऊन. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली आहे, त्यांच्या निकालावर शेवटचं शिक्कामोर्तब हीच संस्था करते. तरीही ती कशी वाढली, कोणाशी भांडली आणि भांडणातून काय कमावलं, हे आपल्यात फारसं बोललं जात नाही. आपल्या सायकल मंडळाच्या स्मरणिकेत मातृसंस्थेवर दोन पानं हवीत, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा अध्यक्षांची यादी देऊन मोकळं होणं सोपं होतं. ती यादी मी देणार नाही. मला या संस्थेच्या इतिहासात एकच गोष्ट ठळक दिसते. तिच्या प्रत्येक टप्प्यावर सायकलस्वाराच्या पुढे चालणारा माणूस थोडा थोडा मागे सरकत गेला, आणि शेवटी दिसेनासा झाला.

सुरुवात इटलीत झाली. १२ जून १८९७ रोजी वितो पार्दो यांच्यासह बारा जण रोमहून सायकलवर निघाले आणि २३० किलोमीटर तोडून दिवसाउजेडी नेपल्सला पोचले. ही शर्यत नव्हती. कोण पहिला आला याला महत्त्व नव्हतं, सगळे सूर्यास्ताच्या आत पोचले याला होतं. सायकली वजनदार, गिअर एकच, रस्ते धुळीचे. त्या मानाने ही मजल मोठीच. पुढच्या वर्षी इटलीत या प्रकाराची रीतसर संघटना उभी राहिली.

ही कल्पना फ्रान्समध्ये आणली ती आंरी देग्रांज यांनी. ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाचे ते संपादक. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे हेच गृहस्थ. अंगाने, मनाने आणि लेखणीनेही करडे. टूरमध्ये गिअर वापरू द्यायला त्यांनी पुढे कित्येक वर्षं विरोध केला, यावरून स्वभावाचा अंदाज यावा. १९०४ च्या आरंभी त्यांनी नियम जाहीर केले आणि ३ एप्रिलला पॅरिसहून पहिली २०० किलोमीटरची फेरी निघाली. सगळ्यांनी एका घोळक्यात चालायचं, पुढे कप्तान. कप्तानाच्या पुढे कोणी जायचं नाही. वेग ठरलेला, विश्रांती ठरलेली, जेवणाची वेळही ठरलेली. पुरं करणाऱ्याला प्रमाणपत्र, म्हणजे ब्रेव्हे; पुढे फेरीलाही हेच नाव पडलं. ज्यांनी ती सुरुवातीची प्रमाणपत्रं मिळवली त्यांच्यातल्याच काहींनी त्याच वर्षाच्या अखेरीस आपली संस्था, एसीपी, काढली आणि देग्रांज यांच्या संमतीने या फेऱ्या चालवायला घेतल्या.

कप्तानाच्या पद्धतीची आज आपण थट्टा करतो, पण तिच्यात शहाणपण होतं. दिंडीत चोपदार असतो म्हणून दिंडी एकत्र राहते. तसंच इथे होतं. कोणाची ट्यूब फुटली तर घोळका थांबे. नवख्याला वाऱ्याच्या आडोशाला ठेवलं जाई. जो जोरात निघून दीडशेव्या किलोमीटरला गळपटला असता, त्याला कप्तान सकाळीच आवरून धरी. ज्यांना एकट्याने इतकं अंतर जमेल असं स्वप्नातही वाटलं नसतं, अशा साध्या नोकरदार माणसांना या पद्धतीने दोनशे किलोमीटर दाखवले. उणीव एवढीच, की घोळक्याचा वेग कोणाचाच नसतो. चढावर दणकट माणूस कंटाळतो, उतारावर भित्रा माणूस घाबरतो.

पहिलं महायुद्ध संपलं, आणि एसीपीचं देग्रांज यांच्याशी बिनसलं. त्यांनी दिलेली परवानगी काढून घेतली. जी संस्था एकाच कामासाठी जन्मली होती तिच्याकडे आता कामच उरलं नाही. अशा वेळी बहुतेक मंडळं काय करतात ते आपण जाणतो: निषेधाचा ठराव करतात, एक पत्रक काढतात आणि दोन वर्षांत कुलूप लावतात. एसीपीने १९२१ मध्ये नव्या फेऱ्या सुरू केल्या. अंतर तेच, प्रमाणपत्र तसंच, पण ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचं. कप्तान नाही. जुनी पद्धत चालवण्यासाठी त्याच वर्षी पॅरिसमध्येच दुसरी संघटना उभी राहिली आणि तिचा वारसा आजही जिवंत आहे. ताशी साडेबावीस किलोमीटरच्या ठरीव वेगाने, कप्तानामागे घोळक्याने जाणारे लोक फ्रान्समध्ये अजून आहेत. म्हणजे एका घराची दोन घरं झाली आणि दोन्ही नांदली. सार्वजनिक संस्थांच्या इतिहासात हे फार वेळा घडत नाही.

कप्तानाच्या जागी आता दोन वस्तू आल्या: घड्याळ आणि कार्ड.

घड्याळाचा हिशेब आपल्याला पाठ आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, १००० ला पंचाहत्तर. मूळ सूत्र ताशी पंधरा किलोमीटरचं. त्या हिशेबाने दोनशेला तेरा तास वीस मिनिटंच मिळायला हवीत. वरची दहा मिनिटं ही नियमानेच घातलेली मापापरती भर. मात्र ती एकदा मिळाली की पुढे कसलीही सूट नाही. रस्ता प्रत्यक्षात दोनशेसात किलोमीटर भरला, तरी वेळ साडेतेरा तासच. सहाशेच्या पुढे सूत्र सैल होतं, कारण तिथून माणसाला झोप लागते हे फ्रेंचांनी मान्य केलेलं आहे. उलट बाजूलाही फाटक आहे. फार लवकर पोचलात तर वाटेत जिथे शिक्का घ्यायचा ती चौकी उघडलेलीच नसते. दोनशे किलोमीटरचा शेवटचा शिक्का पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत मिळत नाही. शर्यतवाल्यांनी इथे येऊन नाव काढू नये, यासाठीची ही तजवीज. निकालात क्रमांक नसतो. सहा तासांत आलेला आणि पाच मिनिटं राखून आलेला यांना एकच पदक.

कार्डही तितकंच साधं. घडीचा जाड कागद, त्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात गावाचं नाव, किलोमीटर, चौकी उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, आणि शिक्क्यासाठी मोकळी जागा. पावसाळी ब्रेव्हेत हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवायचं, हे जुनी मंडळी नव्यांना पहिल्यांदा सांगतात आणि नवी मंडळी ते पहिल्या पावसानंतरच ऐकतात. शाई पसरून वेळ वाचता आली नाही, तर वाद घालायला समोर कोणीच नसतं. मदतीची गाडी दोन चौक्यांच्या मध्ये भेटलेली चालत नाही. रात्री पुढे-मागे दिवा आणि अंगावर चकाकणारं जाकीट हवंच. यापलीकडे नियम फार नाहीत.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसबद्दल इथे थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. १८९१ मध्ये ‘ल प्ती जुर्नाल’चे पिएर जिफार यांनी ही बाराशे किलोमीटरची शर्यत काढली. सायकल मध्येच बदलू नये म्हणून तिला मोहरा लावल्या गेल्या. शार्ल तेराँ एकाहत्तर तासांच्या थोडं वर वेळ घेऊन पहिले आले. नंतर दर दहा वर्षांनी ती होऊ लागली. १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमन यांनी ती जिंकली, आणि त्याच वर्षी एसीपीने त्याच वाटेवर आपल्या मोकळ्या वेगाच्या सायकलस्वारांना उतरवलं. व्यावसायिकांची शर्यत १९५१ मध्ये शेवटची झाली. त्यांच्या वेळापत्रकात इतक्या लांबीला जागा उरली नव्हती. हौशींची फेरी मात्र टिकली, १९७५ पासून दर चार वर्षांनी होते, कमाल मुदत नव्वद तास. तिला जायचं तर त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० पुऱ्या कराव्या लागतात. वाटेत ला तानिएर नावाच्या वाडीत एक कुटुंब वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी आणि घावनासारखे क्रेप फुकट खाऊ घालतं. बदल्यात एवढंच मागतं, की घरी पोचल्यावर आपल्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा. या फेरीच्या नावाची गोल पेस्ट्रीही आहे, ती पॅरिसच्या कुठल्याही बेकरीत मिळते आणि तिने फेरीपेक्षा जास्त माणसं गाठली आहेत.

मला जास्त रस आहे तो १९४७ नंतरच्या घडामोडींत. त्या वर्षी एसीपीने फ्लेश वेलोसिओ सुरू केली. वेलोसिओ म्हणजे पॉल द विवी, सँतेतिएनचे. ‘ल सिक्लिस्त’ मासिक चालवणारे, शाकाहारी, आणि देग्रांज ज्या गिअरना नाकं मुरडत होते त्यांचे कट्टर पुरस्कर्ते. ईस्टरला मित्रांना घेऊन प्रोव्हान्सकडे रात्रंदिवस सायकल चालवत जाणं ही त्यांची रीत. १९३० मध्ये ट्रामच्या धक्क्याने ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ काढलेल्या या फेरीत तीन ते पाच सायकलींच्या संघाने चोवीस तासांत निदान तीनशेसाठ किलोमीटर जायचं. प्रारंभ कुठून करायचा, कोणत्या रस्त्याने जायचं, सगळं संघ स्वतः ठरवतो. फक्त पोचायचं असतं एकाच प्रदेशात. कुठेही दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही आणि शेवटच्या दोन तासांत किमान पंचवीस किलोमीटर झाले पाहिजेत. हा शेवटचा नियम ज्याने लिहिला त्याला माणसाची पारख होती. बावीस तासांत तीनशेसाठ उरकून उरलेला वेळ हॉटेलात काढणारे संघ त्याच्या डोळ्यांसमोर असणार.

१९२१ मध्ये वेग स्वाराच्या हाती आला होता, १९४७ मध्ये रस्ताही आला. आता राहिली होती तारीख. तीही सोडून दिली, तेव्हा ‘परमनंट’ हा प्रकार तयार झाला.

परमनंटमध्ये आयोजकाचं काम कागदावर संपतं. त्याने एकदा रस्ता आखायचा, चौक्यांची गावं ठरवायची, मुदत लावायची, बस. तुम्ही पत्र लिहून नोंदणी करता, शुल्क भरता, कार्ड घरी येतं. कधी निघायचं ते तुम्ही ठरवता. सुरुवातीच्या ठिकाणी फलक नाही, केळी वाटणारे स्वयंसेवक नाहीत, शेवटी टाळ्या नाहीत. चौकीही नसते. त्या गावातली बेकरी, पेट्रोल पंप, टपाल कचेरी, जे काही उघडं असेल ते तुमची चौकी. दुकानाचा शिक्का घ्यायचा किंवा वेळ छापलेली पावती. ब्रिटनमध्ये तर रात्री काहीच उघडं नसेल अशा जागी एक प्रश्न दिलेला असतो: अमुक चौकातल्या पाटीवर पुढच्या गावाचं अंतर किती लिहिलंय? तिथे गेल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

एसीपीच्या ‘फ्लेश द फ्रान्स’ याच पद्धतीच्या. पॅरिसहून देशाच्या कडेच्या शहरांकडे बाणासारख्या सुटलेल्या वीस वाटा. हव्या त्या दिशेने करा. किती वेळात केली यावर सुवर्ण, रौप्य की कांस्य ते ठरतं. पण या प्रकारातला सर्वांत देखणा नमुना एसीपीचा नाही, हेही नोंदवायला हवं. तो आहे ‘दियागोनाल’, म्हणजे फ्रान्सचे कर्ण. फ्रान्सचा नकाशा षटकोनासारखा दिसतो. १९३० च्या दशकात फिलिप मार यांनी त्याचे सहा कोपरे घेतले: ब्रेस्ट, डंकर्क, स्ट्रासबुर्ग, माँताँ, पर्पिन्याँ आणि आंदाय. षटकोनाला कर्ण नऊ, म्हणून वाटाही नऊ. सर्वांत लांब ब्रेस्ट ते माँताँ, सुमारे १४०० किलोमीटर, मुदत ११६ तास. निघताना आणि पोचल्यावर शिक्का घ्यायचा तो पोलीस ठाण्यात. पहाटे चारला, अंगावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हातात वही घेऊन ठाण्यात शिरलेला माणूस पाहून ड्युटीवरचा शिपाई काय समजत असेल ते समजो. कोपऱ्यांच्या शहरांतल्या पोलिसांना मात्र आता सवय झाली असावी. निघताना एक पोस्टकार्ड पेटीत टाकायचं, पोचल्यावर दुसरं. टपालाचा शिक्का हाच साक्षीदार.

दक्षिणेला पिरेनीज पर्वतात ‘रेद पिरेनेएँ’ आहे. पो शहराच्या सिक्लो क्लब बेआर्नेने ती आखली. अटलांटिक किनाऱ्यावरच्या आंदायहून भूमध्य समुद्राकाठच्या सेर्बेरपर्यंत सातशेवर किलोमीटर, वाटेत अठरा खिंडी. त्यात ओबिस्क, आणि २११५ मीटर उंचीची तुर्मलेही. मुदत शंभर तास. ज्याला एवढी घाई नको त्याच्यासाठी दहा दिवसांचा वेगळा वर्ग. गेल्या दीड दशकात एसीपीनेही अशीच डोंगरी परमनंट मान्य केली आहे. सोफी मातेर यांच्या कल्पनेतून आलेली ‘सुपर रान्दोने’: ६०० किलोमीटर, चढाई किमान १०,००० मीटर, साठ तास. इथे शिक्काही गेला. खिंडीतल्या पाटीपाशी आपली सायकल उभी करायची, तिच्यावर नोंदणीची पाटी लावलेली, आणि फोटो काढायचा.

अशा प्रकारात लबाडी करता येते का, असा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. येते. पोस्टकार्ड मित्राकडून टाकून घेता येतं, पावत्या गोळा करता येतात, गाडीत सायकल घालून खिंडीत जाता येतं. पण बक्षीस नाही, क्रमांक नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. फसवणूक करून मिळणार काय, तर स्वतःच विकत घ्यायचं पदक. परमनंटची खरी अडचण दुसरीच आहे. तारीख आपल्या हातात असली की ती पुढे ढकलणंही आपल्याच हातात असतं. ठरलेल्या ब्रेव्हेला माणूस पाऊस असला तरी जातो, कारण पैसे भरलेत, मित्र आलेत. परमनंटच्या पहाटे खिडकीबाहेर पाणी पडताना दिसलं की पांघरुणातला माणूस पंचांग उघडतो. आणि रात्री दोन वाजता, ठरलेल्या ब्रेव्हेत पुढे कुठेतरी एक लाल दिवा लुकलुकत असतो. इथे तो नसतो. अशी परमनंट पुरी करणाऱ्याबद्दल मला पॅरिस-ब्रेस्टवाल्याइतकाच आदर आहे, किंबहुना एक मासा जास्तच.

संस्थेचं जागतिक रूप घडलं ते रोबेर लपर्तेल यांच्या काळात. ते आणि त्यांच्या पत्नी सुझान, या दोघांनी परदेशी क्लबांना दारं उघडली. १९७६ मध्ये ऑडॅक्स यूके उभी राहिली. १९८३ मध्ये जगभरच्या संघटनांचा महासंघ झाला आणि ब्रेव्हे जागतिक ठरल्या. त्या काळी हे सारं टपालाने चाले. परदेशातून निकालांचे गठ्ठे पॅरिसला येत, तपासले जात, प्रत्येक यशस्वी फेरीला नोंदीचा क्रमांक मिळे आणि ते परत जात. आजही प्रत्येक बीआरएमला तो क्रमांक पॅरिसहूनच मिळतो, फक्त गठ्ठे राहिले नाहीत. एका भांडणात काम गमावलेली छोटी संस्था साठ वर्षांत जगाची दप्तरदार झाली. या सगळ्यात पगारी माणसांपेक्षा घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून कार्डं तपासणाऱ्यांचाच वाटा मोठा आहे.

भारतात ऑडॅक्स इंडियाच्या रूपाने हे काम सुरू झालं, त्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा पुढाकार होता. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, जिथे जिथे ब्रेव्हे होऊ लागल्या तिथे फ्रेंच नियमांना मराठी रस्त्यांनी आपला रंग दिला. बेकरीच्या जागी धाबा आला. चौकी म्हणून पेट्रोल पंप, आणि पुरावा म्हणून एटीएममधून काढलेली, वेळ छापलेली पावती. शिल्लक किती आहे हे मागून येणाऱ्यालाही कळतं, म्हणून ती लगेच घडी करून ठेवायची. घाटात सकाळच्या ट्रकची रांग लागायच्या आत वर पोचणं हा फ्रान्समध्ये कोणाला सुचणार नाही असा वेळेचा हिशेब. ‘डीएनएफ झालो’, म्हणजे फेरी पुरी झाली नाही, हे आपल्याकडे आता लाजेने सांगितलं जात नाही, हीदेखील कमाईच. २०१९ आणि २०२३ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला भारतातून मोठ्या तुकड्या गेल्या.

परमनंट मात्र आपल्या अंगवळणी पडलेली नाही. आपली ब्रेव्हे म्हणजे अजून बरीचशी जत्रा आहे: सुरुवातीचा फोटो, समूहावरचे मेसेज, शेवटी पोहे. त्यात वाईट काही नाही, पण या संस्थेने शंभर वर्षांत जिथवर मजल मारली त्याच्या पहिल्या अर्ध्यातच आपण रेंगाळलो आहोत. येत्या कार्यकारिणीपुढे म्हणून एक सूचना ठेवतो. महाराष्ट्राचा नकाशा षटकोनी नाही, पण त्याला कोपरे भरपूर आहेत: सावंतवाडी, तलासरी, नंदुरबार, गोंदिया, सिरोंचा. सावंतवाडी ते गोंदिया ही वाट हजार किलोमीटरच्या वर जाते. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ सगळं तिच्यात येतं. रस्ता आखायला दोन माणसं, चौक्यांची गावं ठरवायला एक बैठक, कार्डं छापायला एक छापखाना एवढं पुरे. मुदत एसीपीच्या सूत्रानेच लावावी. आणि सुरुवातीचा शिक्का सावंतवाडीच्या पोलीस ठाण्यात घ्यायचा असेल, तर ठाण्याला आधी पत्र धाडलेलं बरं.